पानमळ्यातलं औषध

आमच्या भाऊकीत बाई पानमळ्यात पाय ठेवत नाही. ठेवला तर वेल जळतो. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी, पार्बताबाईंनी, मला चूल दाखवायच्या आधी मळ्याचं कुंपण दाखवलं आणि सांगितलं, "हे पाह्य मनकर्णे, इथलोक तुहं घर. याच्या आत तुहं काहीच नाई." मी मान हलवली. नव्या नवरीला दुसरं काय हलवता येतं?

आम्ही बारी, नागवेलीची पानं लावणारे. मळा म्हणजे चारी बाजूंनी तट्टे ठोकून बंद केलेली ओलसर जागा. आत शेवरी आणि पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढवलेले. बाहेर वैशाखात जमीन तव्यासारखी तापते, आत मात्र गारवा. पाणी मोटेनं बाहेर काढायचं आणि पाटानं आत सोडायचं, त्याला कोणीही गडी चालतो. आत जायचं ते मात्र बारी पुरुषानं, अंघोळ करून, अनवाणी. सुतक असलं तर पुरुषानंही नाही. पाच घरांचा मिळून एकच मळा, आणि पाचही घरं एका भाऊकीची. बायकांनी बाहेर ओसरीत बसून पानं पुसायची, निवडायची, जुड्या बांधायच्या. ज्या वेलावर माझं पोट चालत होतं तो वेल मी कधी पाहिला नव्हता. यात आमचंच काही नवल नाही म्हणा. कापसाचा भाव ठरवणाऱ्या शेठनं तरी कधी बोंड वेचलंय?

डॉक्टरचं औषध त्या मळ्यात गेलं ते माझ्या नवऱ्याच्या पायामुळं. मोटेची लोखंडी कड लागून त्याच्या पिंडरीला जखम झाली आणि ती भरेचना. पट्टी सोडली की कापड निळसर हिरवं झालेलं असायचं आणि त्याला मोहाच्या फुलांसारखा गोडसर वास यायचा. शेवटी अमरावतीला डॉक्टर वामनरावांकडं नेलं. मुंबईला शिकून आलेला तरुण माणूस, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. पू बघून दुसरा कोणी तोंड फिरवील, यांना मात्र गुप्तधन सापडल्यासारखं झालं. ती पट्टी ठेवून घेऊ का, असं त्यांनी अदबीनं विचारलं.

"न्या ना बाप्पा," माझा नवरा म्हणाला. "त्याचे पैसे नाई घेत मी."

पाय बरा होईपर्यंत आम्ही त्यांच्याकडं बऱ्याच खेपा घातल्या. एका खेपेला त्यांनी आम्हाला एक काचेची नळी दाखवली. आत ताकाच्या निवळीसारखं गढूळ पाणी होतं. ते म्हणाले, "हा गढूळपणा म्हणजे जंतू. एका जातीचे. आणि तुमच्या पायातले हिरवे जंतू दुसऱ्या जातीचे."

जंतूंतही जाती असतात म्हणे. असणारच.

"हे हिरवे जंतू अंगातून एक रस सोडतात," डॉक्टर सांगत होते. "आपल्या पोटातला रस भाकर जिरवतो ना? तसा हा रस दुसऱ्या जंतूला जिरवतो. आधी त्याची वरची साल विरते. साल गेली की आतलं सगळं बाहेर सांडतं, आणि मग जंतू उरतच नाही." त्यांनी नळीत हिरव्या पाण्याचे थेंब टाकले आणि नळी उबेला ठेवली. आम्ही बाहेर लिंबाखाली बसून शिदोरी सोडली, बाजार केला, आणि परत आलो तर पाणी नितळ. मी नळी हातात मागून घेतली. घरी आम्ही पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हाही पाणी निवळतं, पण गाळ तळाशी बसतो. या नळीच्या तळाशी काही नव्हतं.

"मंग ते गेले कुठी?" मी विचारलं.

"कुठं नाही गेले. ते राहिले नाहीत," डॉक्टर म्हणाले.

असलंच तयार औषध जर्मनीहून यायचं, घटसर्प झालेल्या लेकराच्या घशात लावायला. तिकडं लढाई लागली आणि ते यायचं बंद झालं. घटसर्पाची सुई विलायतेहून यायची, तीही आता मिळेना. म्हणून डॉक्टरांनी स्वतःच खटाटोप मांडला होता. पट्टीवरचे जंतू कढणात विरजायचे, कढण हिरवं होऊन पिकू द्यायचं, मग चिनीमातीच्या बारीक गाळणीतून गाळायचं. जंतू वर राहतात आणि नुसता रस खाली उतरतो. कढण कशाचं ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. शहाणा माणूस. अडचण एकच होती. दवाखान्यावर टिनाचं छप्पर, आणि वऱ्हाडातला उन्हाळा. गाळलेला रस नासून जायचा.

पाय बरा झाल्याच्या उपकारात माझा नवरा बोलून गेला, "आमच्या मळ्यात ठेवा. बारमाही गार राह्यते."

भाऊकीत मोठे माझे चुलतसासरे, महादेवराव. ते आधी गुरगुरले, पण औषधच आहे म्हटल्यावर कबूल झाले. माझ्या नवऱ्यानं बुचं लावलेल्या बाटल्या पाटाच्या कडेला ओल्या वाळूत पुरल्या. डॉक्टरला लागली की निरोप यायचा आणि हा एक काढून द्यायचा. असं सुरळीत चाललं होतं.

चैत सरता सरता भाऊकीतले सगळे पुरुष धामणगावला साक्षगंधाला गेले. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आमच्यात पुरुषच जातात. घरी आम्ही बायका, लेकरं आणि मोटेवरचा गडी. माझी शकुन सात वर्षांची. सकाळी उठली ती गळा धरूनच. दिव्याच्या उजेडात तिचा घसा पाहिला तर आत राखेच्या रंगाचा पापुद्रा. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं, असा पापुद्रा दिसला की थांबायचं नाही. मी गड्याला घोडीवर बसवून अमरावतीला पिटाळलं. दुपार कलायच्या आत डॉक्टर टांग्यानं आले. शकुनचा घसा पाहिला आणि म्हणाले, "बाटली आणा. लवकर."

बाटली मळ्यात. पुरुष धामणगावला.

"मी आणतो," म्हणून डॉक्टर मळ्याकडं निघाले, तर सासूबाई तट्ट्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात चौकटीला लावून.

"दुसऱ्या जातीचा माणूस आत नाई जात डाक्टरसाहेब. पाच घराचं पोट हाये हे. सांजच्या गाडीनं माहा केशव येऊनच राह्यला. तो काढून देईन."

डॉक्टर बोलले, विनवलं, चिडले. पण हात धरून म्हाताऱ्या बाईला बाजूला करावं असा तो माणूस नव्हता. मी ओसरीत शकुनचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी सासूबाईंकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या मनात मळ्यात जायचं आलंसुद्धा नाही. भिंतीतून चालत जावं असं कोणाच्या मनात येतं का?

शकुनचा श्वास करवतीसारखा वाजत होता. दिवेलागणीला तो वाजायचा थांबला. थोड्या वेळानं पुरुष आले, फेट्यांना साक्षगंधाचा गुलाल तसाच.

मला रडू आलं नाही. सगळ्या बायका रडत होत्या. मी चुलीवरचं दूध उतू जातं का ते बघत होते. पुरुष शकुनला पुरून आले, कोणीतरी माझ्यापुढं भाकर ठेवली, मी खाल्ली. तिला चव नव्हती, पण चव नाही म्हणून वाईटही वाटलं नाही. हात-पाय माझेच होते, ते आपलं काम करत होते. जावा आपसांत म्हणाल्या, दगडाची बाई आहे. मला राग आला नाही. बरोबरच म्हणत होत्या.

लहान लेकराचं सुतक थोडकं असतं म्हणतात. पण मळ्याचं सुतक दहा दिवसांचंच, वेलाला लहान-मोठं कळत नाही. पाचही घरांतल्या पुरुषांनी मळ्याच्या दाराला कडी लावली. गडी बाहेरून पाणी सोडत होता, पानं खुडणं बंद. डॉक्टर तिसऱ्या दिवशी पुन्हा येऊन सांगून गेले, निदान बाटल्या तरी बाहेर काढून ठेवा, घरात दुसरं लेकरू आहे. महादेवराव म्हणाले, "दहावा होऊ द्या. मंग सगळ्याच न्या."

दुसरं लेकरू म्हणजे देवीदास, शकुनचा पाठचा. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं दूध नाकातून परत काढलं. मी त्याला उजेडात नेलं, तोंड उघडायला लावलं. तोच पापुद्रा, डाव्या बाजूला.

मी ओरडले नाही. आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, "देवीदासलेबी झालं." तो भिंतीला टेकून बसला होता तसा खाली घसरला. मग उठून त्यानंच घोडी काढली.

डॉक्टर आले तेव्हा सगळी भाऊकी अंगणात जमली होती. या वेळी त्यांनी घसा बघितला आणि कोणाला विचारलं नाही. बूट काढले, मोजे काढले, धोतर खोचलं आणि मळ्याकडं चालू लागले. महादेवराव काठी घेऊन आडवे झाले.

"सुतकाच्या घरातून उठून तुमी आत जाता? वेल जळला तं पाच घरं काय खातीन?"

"वेल पुन्हा लावता येतो."

"तुमी लावसान का? तीन वर्सं लागते त्याले, डाक्टर!"

"काका, जाऊ द्या त्याहिले," माझा नवरा म्हणाला. आवाज असा, की जाऊ देऊ नका म्हटल्यासारखा. तो वाईट माणूस नव्हता. त्याला पोरगा हवा होता आणि वेलही हवा होता, आणि दोन्हीच्या मधोमध तो उभा होता. चुलतदीर पुढं झाले. डॉक्टरचा चष्मा खाली पडला. सासूबाई दाराजवळ होत्या, त्या भांडण सोडवायला धावल्या.

म्हणून दाराशी कोणी नव्हतं. मी देवीदासला धाकट्या जावेच्या मांडीवर दिलं, अंगणातून चालत गेले, कडी काढली आणि आत गेले. धीर केला असं म्हणतील कोणी. धीर करायला भीती लागते. मला त्या दिवसांत काहीच लागत नव्हतं.

आत हिरवा अंधार होता आणि पायाखाली थंड चिखल. वेल झाडांना बिलगून वर गेलेले, पानं हाताच्या पंजाएवढी. मला वाटलं होतं, आत काहीतरी असेल. निदान छाती तरी धडधडेल. तिथं पानं होती, आणि पाटातलं पाणी वाहत होतं. मी पाटाच्या कडेनं वाळू उकरत गेले. बाटल्या सापडल्या. एक पदरात घेतली, एक हातात, आणि बाहेर आले. या सगळ्याला किती वेळ लागला? चुलीवरचं दूध उतू गेलं नसतं एवढाच.

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. महादेवरावांची काठी हातातून गळाली. मी डॉक्टरांच्या हातात बाटली दिली आणि म्हटलं, "लावा."

काडीला कापूस गुंडाळून डॉक्टरांनी तो हिरवा रस देवीदासच्या घशात फिरवला. पोरगं ओकलं, रडलं, मला लाथा मारल्या. मी त्याचे हात धरून ठेवले. थोड्या थोड्या वेळानं पुन्हा रस, पुन्हा रडणं. डॉक्टर दुसऱ्या दिवशीही आमच्याच ओसरीत राहिले. पापुद्र्याच्या कडा पातळ व्हायला लागल्या. मग एकदा खोकताना त्याचा तुकडा बाहेर पडला. त्याच्यामागून आणखी एक. श्वास मोकळा झाला. तिसऱ्या सकाळी देवीदासनं आंबील मागितली.

देवीदास वाचला. मला आनंद झाला असणार. झालेला मला आठवत नाही.

जाताना डॉक्टर म्हणाले, "खरं सांगतो बाई. नळीत जे दिसतं ते घशात तसंच होतं का, मला माहीत नाही. रसानं जंतू जिरले असतील, किंवा पोराच्या अंगातच जोर असेल. पुन्हा सांगतो, मला माहीत नाही." हे ते कोणासाठी बोलले ते मला कळलं. शकुनला बाटली मिळाली असती तरी ती वाचली असती असं नाही, हे त्यांना सांगायचं होतं. भला माणूस. मी त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर भाऊकी बसली. महादेवरावांनी सांगितलं, "बाई आत गेली, तेबी सुतकात. आता वेल काय म्हन्ते ते पाहू. नवे शेंडे फुटले तं ठीक. वेल जळला तं केशवनं मळ्यातला आपला वाटा सोडावा." माझ्या नवऱ्यानं मान खाली घालून हो म्हटलं. तोवर आमच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही असंही ठरलं. दहावा झाल्यावर मळ्यात गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला. पुरुष पुन्हा आत जाऊ लागले.

रोज सकाळी माझा नवरा आत जायचा आणि बाहेर आला की सगळी ओसरी त्याच्या तोंडाकडं बघायची. तो म्हणायचा, "हिरवा हाये." जावा सुस्कारा सोडायच्या. सासूबाई देवापुढं दिवा लावायच्या. मी पानं पुसत बसायची.

पहिले काही दिवस मला त्याचं काहीच वाटलं नाही. मग एका सकाळी तो "हिरवा हाये" म्हणाला आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. शकुन गेल्यापासून पहिल्यांदाच. ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला. तो राग होता. वेलावर.

मग मी देवाजवळ मागायला लागले. मनातल्या मनात, पानं पुसता पुसता. एक तरी जळू दे. कोपऱ्यातला, रोगट, कोणाचाही. माझा वाटा जाऊ दे, मी मजुरी करीन, कापूस वेचीन. एक वेल जळू दे. घरात सगळे ज्याच्यासाठी नवस बोलत होते, त्याच्या बरोबर उलट मी बोलत होते. कोणाला कळलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं, आणि ते त्यांचं चुकलंही नसतं.

एक दिवस महादेवराव स्वतः मळ्यात गेले. सगळ्या वाफ्यांतून, शेवटच्या झाडापर्यंत. बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात शेंड्यांची कोवळी पानं होती, पोपटी, चकचकीत. ती त्यांनी माझ्या सासूबाईंच्या पदरात टाकली आणि आमच्या रांजणातून तांब्याभर पाणी घेऊन सगळ्यांसमोर प्यायले. अंगणात एकच कल्ला झाला. माझा नवरा खाली बसून लहान पोरासारखा हसायला लागला.

सासूबाई पदर सांभाळत ओसरीत आल्या. डोळे भरलेले. पानं माझ्यापुढं धरली.

"पाह्य मनकर्णे, पाह्य! एकबी वेल नाई जळला. बाई गेली, सुतकात गेली, तरीबी नाई जळला. देवानं माफ केलं तुले."

मी त्या पानांकडं पाहिलं. इतकी सुंदर पानं मी कधी जुडीत बांधली नव्हती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "बाई आत गेली तं वेल जळत नाई."

"नाई जळत ना! तेच तं सांगून राह्यली मी..."

"मंग त्या दिवशी मी गेली असती तं?"

सासूबाईंचं हसू तसंच राहिलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. मग पदर हातातून सुटला आणि पानं ओसरीभर पसरली. त्या माझ्यासमोर खाली बसल्या. बाहेर कोणीतरी त्यांना हाक मारत होतं, गूळ कुठं ठेवला म्हणून.

"दारात मीच तं उभी होती व माय," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं. इतके दिवस कुठं होतं कोण जाणे, एकदम आलं, आणि मी सासूबाईंच्याच खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडले, कारण दुसरं कोणी जवळ नव्हतं. अंगणातल्या लोकांना वाटलं, आम्ही आनंदानं रडतोय. महादेवरावांनी सगळ्यांना गूळ वाटायला सांगितला.